पाच खजूर देशील की दोनच?

समज, तुझं घर कुवेतमध्ये आहे, साल्मियाला. मधली सुट्टी झालीय. डब्यात हापूसच्या दोन फोडी आणि दहा खजूर. हो, दहा! तिथं खजुराला काय तोटा? आंबा मात्र विमानाने येतो, म्हणून मोजूनच मिळतो.

शेजारची मैत्रीण विचारते, “दोन फोडी देते. किती खजूर देशील?”

पाच दिलेस तर तुझ्याकडे राहतील चार फोडी, पाच खजूर. हा डबा तुला आधीच्याइतकाच आवडतो असं धरू. जास्त नाही, कमी नाही. कुठलाही चालेल!

ती म्हणते, “अजून दोन फोडी घे!” आता देशील पुन्हा पाच खजूर? छे! आता तू दोनच काढशील. फोडी तेवढ्याच, गोडी तीच, भाव मात्र घसरला! कारण खजूर संपत आले की एकेक मोलाचा वाटतो. आणि आंब्याची हौस थोडी फिटलेली असते.

चौकटींची वही घे. आडव्या बाजूला फोडी मोज, उभ्या बाजूला खजूर. तिन्ही डब्यांचे ठिपके देऊन जोड. बघितलंस? रेषा सरळ येतच नाही! आधी धाडकन उतरते, मग हळूहळू आडवी होत जाते. तुझी आवडनिवड चक्क कागदावर! कॉलेजातली ताई-दादा मंडळी हिला ‘समवृत्ती वक्र’ म्हणतात. नाव भारदस्त आहे, पण घाबरू नकोस.

ही रेषा सुचली आयर्लंडच्या फ्रान्सिस एजवर्थना, १८८१ साली. देवाणघेवाण समजावताना त्यांनी कोणाला आणलं, ओळख! बेटावरच्या रॉबिन्सन क्रूसोला आणि त्याच्या फ्रायडेला!

पुढे इटलीच्या विल्फ्रेडो परेटो यांनी तर कमालच केली. ते म्हणाले, आनंद मोजायचाच कशाला? या डब्याला सात गुण, त्याला नऊ, ही भानगडच नको. कुठला जास्त आवडतो, की दोन्ही सारखेच, एवढं सांगता आलं की झालं! मला हे फार पटतं. आवड मोजायची पट्टी कुठल्या दुकानात मिळते?

आता मैत्रिणीचं बघ. तिच्याकडे फोडी भरपूर, खजूर एकही नाही. दोन फोडींना तीन खजूर मिळाले तरी ती राजी. तू तर पाच द्यायला तयार! मग सौदा चारवर ठरला. दोघंही खूश! एकही नवा खजूर पिकला नाही, तरी आनंद वाढला. आहे ना जादू?

कुवेतच्या खलाशांना ही जादू पक्की ठाऊक होती. तेलाच्या आधीच्या काळात ते ‘बूम’ नावाच्या शिडाच्या जहाजांत बसऱ्याचे खजूर भरून मुंबईला, मलबारला यायचे. परत जाताना काय न्यायचे? सागवान, तांदूळ, मसाले! वाळवंटात जहाजासाठी लाकूड कुठून मिळणार? आणि कुवेतच्या बाजारात चालायचे रुपये! तिथला दिनार आला १९६१ मध्ये.

पण सगळ्यात भन्नाट गोष्ट पुढेच आहे. कुवेतचे पाणबुडे समुद्रातून मोती काढायचे, आणि प्यायचं पाणी? ते जहाजांनी शत्त-अल-अरब नदीवरून आणावं लागायचं! समुद्राचं पाणी गोडं करणारा मोठा कारखाना तिथं १९५३ मध्ये सुरू झाला. त्याआधी भर उन्हाळ्यात, घसा कोरडा पडलेला असताना, एका घागरीसाठी किती मोती दिले असतेस? आणि दहाव्या घागरीसाठी?

आता वहीत पहिल्या रेषेच्या वर दुसरी रेषा काढ, जास्त आवडणाऱ्या डब्यांची. या दोन रेषा एकमेकींना कधी कापतील का? कापल्याच, तर त्या ठिपक्यावरचा डबा कुठल्या रेषेचा म्हणशील?