वजाबाकीनंतर उरणारं आकाश

जेम्स वेब दुर्बिणीची कच्ची फाइल संगणकावर उघडली की आकाशाआधी डिटेक्टर दिसतो. करड्या चौकटीचे चार उभे पट्टे, प्रत्येकाची छटा किंचित निराळी, कारण चारही पट्टे चार वेगवेगळ्या अॅम्प्लिफायरांनी वाचलेले असतात. त्यावर बारीक आडव्या रेषा. जागोजागी कायमचे तापट, पांढरे पिक्सेल. मधूनच एखादा तेजस्वी तारा टोकदार किरणांसह ओळखू येतो. ११ जुलै २०२२ रोजी जगासमोर आलेलं ‘एसएमएसीएस ०७२३’ या दीर्घिकासमूहाचं चित्र अशाच फाइलींतून निघालेलं आहे, यावर पहिल्यांदा विश्वास बसत नाही.

त्या फाइली सगळ्यांसाठी खुल्या आहेत. बाल्टिमोरच्या स्पेस टेलिस्कोप सायन्स इन्स्टिट्यूटच्या संग्रहातून त्यांतल्या एका फिल्टरच्या फाइली मी उतरवून घेतल्या. त्याच संस्थेने पायथनमध्ये लिहिलेली आणि मोफत दिलेली पाइपलाइन, म्हणजे कच्च्या फाइलींवर ठरावीक क्रमाने प्रक्रिया करणारं सॉफ्टवेअर, घरच्या संगणकावर चालवली. प्रत्येक पायरीनंतर थांबायचं, फाइल उघडायची, आधीच्या फाइलीशी ताडून बघायची, अशी पद्धत ठेवली. पाइपलाइन एका दमात चालवता येते. पण एकेक पायरीने चालवली की कळतं, हे चित्र वजाबाक्यांतून घडतं आणि प्रत्येक वजाबाकीमागे कुणीतरी घेतलेला निर्णय असतो.

मुळात अवरक्त प्रकाश टिपणं अवघड आहे, कारण जे जे ऊबदार ते ते अवरक्तात चमकतं, दुर्बीणसुद्धा. म्हणून वेब पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवर, स्वतःच्या पाच पदरी सूर्यछत्रीच्या सावलीत आहे. तिच्या ‘निअरकॅम’ कॅमेऱ्याचे डिटेक्टर उणे २३० अंश सेल्सियसच्या आसपास थंड असतात. असे दहा डिटेक्टर, प्रत्येकात २०४८ गुणिले २०४८ पिक्सेल. त्यांच्यावर पडणारे फोटॉन इलेक्ट्रॉन मोकळे करतात आणि ते पिक्सेलमध्ये साठत जातात.

इथे आपल्या मोबाइलच्या कॅमेऱ्यापेक्षा एक मोठा फरक आहे. गळक्या पत्र्याखाली बादली ठेवून, ती न उपसता, थोड्या थोड्या वेळाने आतल्या पाण्याची पातळी बघत राहावी, तसा हा डिटेक्टर वाचला जातो. पूर्ण चौकट एकदा वाचायला सुमारे १०.७ सेकंद लागतात. त्या वाचनाने साठलेले इलेक्ट्रॉन रिकामे होत नाहीत, म्हणून पुन्हा पुन्हा वाचता येतं. काही वाचनांची यानावरच सरासरी काढून एक ‘ग्रुप’ बनतो. कच्च्या फाइलीत असे एकावर एक ग्रुप असतात. आपल्याला हवा असतो तो पातळी चढण्याचा वेग, म्हणजे आलेखावरच्या रेषेचा उतार. पाइपलाइनचा पहिला टप्पा या उतारासाठीच राबतो.

आधी पिक्सेल कोरा करतानाच त्यात राहिलेली मूळ पातळी वजा होते. मग चौकटीच्या कडेचे, चार पिक्सेल रुंदीचे आणि प्रकाशाला बधिर असे संदर्भ-पिक्सेल वाचून इलेक्ट्रॉनिक्सचा चढउतार काढून टाकला जातो. एवढ्याने चार पट्ट्यांमधल्या भिंती विरतात. पिक्सेल भरत आला की त्याची नोंद मंदावते, तिची दुरुस्ती होते. अंधारातही झिरपणारा डार्क करंट वजा होतो. त्यानंतर येते उडी शोधण्याची पायरी. मी सगळ्यात जास्त वेळ तिच्यापाशीच घालवला.

वैश्विक किरण डिटेक्टरवर आदळला की एका पिक्सेलची पातळी एकदम वर जाते आणि मग पुन्हा जुन्याच वेगाने चढू लागते. आलेखावर ही उडी डोळ्यांना लगेच कळते, पण संगणकाला ती सांगावी लागते: गोंगाटाच्या किती पट फरक पडला की उडी मानायची? मी हा उंबरठा चारवर ठेवून पाहिला, मग तीनवर आणला. तीनवर आणताच खुणा भराभरा वाढल्या, आणि त्यांतल्या कितीतरी निव्वळ गोंगाटाच्या होत्या. म्हणजे वैश्विक किरण समजून मी चांगला प्रकाशच फेकत होतो. उंबरठा वर नेला तर खरे आघात निसटून प्रतिमेत खोट्या ठिपक्यांच्या रूपाने उरतात. एकच बरोबर आकडा नाही. कशाचा शोध घ्यायचा आहे, त्यावर तो ठरतो. काही जोरदार आघातांभोवती तर मोठं गोल कडं उमटतं. खगोलशास्त्रज्ञ त्यांना ‘स्नोबॉल’ म्हणतात, आणि त्यांच्यासाठी पाइपलाइनमध्ये निराळा उपाय घालावा लागला.

उडीच्या आधीचा तुकडा आणि नंतरचा तुकडा यांचे उतार वेगळे काढून जोडले जातात. आघात झालेला पिक्सेल वाया जात नाही, हे या पद्धतीचं मोठं देणं. टप्पा संपल्यावर जी फाइल हाती येते, तिच्यात पहिल्यांदा दीर्घिका दिसू लागतात.

आडव्या रेषा मात्र अजून असतात. डिटेक्टर ओळीओळीने वाचला जात असताना इलेक्ट्रॉनिक्सची पातळी हळूहळू सरकते, त्यातून त्या उमटतात. उपाय सोपा वाटतो: प्रत्येक ओळीचं मध्यक काढा आणि त्या ओळीतून वजा करा. मी तसं केलं आणि प्रतिमा एकदम स्वच्छ दिसू लागली. पण समूहाच्या मध्यावरच्या मोठ्या दीर्घिकेतून जाणाऱ्या ओळींकडे नीट पाहिलं, तर तिच्या दोन्ही बाजूंचं आकाश जरुरीपेक्षा काळं झालं होतं. त्या ओळींत प्रकाश जास्त, म्हणून मध्यक जास्त, म्हणून वजाबाकीही जास्त.

आणि एसएमएसीएस ०७२३ मध्ये नेमकं तिथेच मोलाचं काही आहे. दीर्घिका एकमेकींजवळून जाताना त्यांच्यातले तारे ओढले जातात आणि समूहाच्या अवकाशात विखुरतात. त्यांचा अतिशय मंद, पसरलेला उजेड समूहाचा इतिहास सांगतो. मिरेया मोंतेस आणि इग्नासियो त्रुहियो यांनी २०२२ मध्ये वेबच्या याच प्रतिमांत त्या उजेडाचा अभ्यास केला. सॉफ्टवेअरला हा उजेड आणि आकाशाची पार्श्वभूमी यांतला फरक आपोआप कळत नाही. आधी दीर्घिका आणि त्यांच्या भोवतीचा भाग मुखवट्याने झाकायचा, मग उरलेल्या पिक्सेलांवरून रेषा मोजायच्या, असं करावं लागतं. मुखवटा किती रुंद ठेवायचा, हा पुन्हा माणसाचा निर्णय. रुंद ठेवला तर रेषा मोजायला आकाश उरत नाही, अरुंद ठेवला तर मंद उजेड खाल्ला जातो. दिसायला सर्वांत स्वच्छ प्रतिमा ही सर्वांत खरी असेलच असं नाही, हे मला त्या ओळींनी शिकवलं.

दुसऱ्या टप्प्यात प्रत्येक पिक्सेलला आकाशातला पत्ता मिळतो, पिक्सेलांच्या संवेदनशीलतेतला फरक भागाकाराने काढला जातो, आणि आकडे खऱ्या तेजाच्या एककात येतात. तिसऱ्या टप्प्यात दुर्बीण किंचित सरकवून घेतलेल्या प्रतिमा एकमेकींवर बसवल्या जातात. जी वस्तू एकाच प्रतिमेत आहे आणि बाकीच्यांत नाही, ती परकी म्हणून वगळली जाते. मग ‘ड्रिझल’ पद्धतीने सगळं नव्या जाळीवर उतरतं. अँड्र्यू फ्रुक्टर आणि रिचर्ड हुक यांनी हबल दुर्बिणीच्या प्रतिमांसाठी ती विकसित केली होती. तिने तपशील वाढतो, पण एका मूळ पिक्सेलचा प्रकाश शेजारच्या अनेक पिक्सेलांत वाटला गेल्याने गोंगाट आहे त्यापेक्षा कमी भासतो. मंद वस्तूंची मोजणी करणाऱ्याने हे ध्यानात ठेवलं नाही, तर त्याचा आत्मविश्वास फाजील ठरतो.

या सगळ्यात सॉफ्टवेअर आपल्याला एकटं सोडत नाही. प्रक्रिया झालेल्या बहुतेक फाइलींत प्रतिमेसोबत आणखी थर असतात; त्यांतला एक त्रुटीचा, दुसरा पिक्सेलांच्या प्रकृतीचा. कोणता पिक्सेल भरून वाहिला, कुठे उडी सापडली, कोणता वापरूच नये, हे दुसऱ्या थरात अंकांनी लिहिलेलं असतं. फाइलीच्या शीर्षनोंदीत पाइपलाइनची आवृत्ती आणि संदर्भ-फाइलींच्या, म्हणजे दुरुस्त्यांसाठी वापरलेल्या मोजमापांच्या फाइलींच्या, संचाचा क्रमांक असतो. मला हा या कामाचा सर्वांत सुंदर भाग वाटतो. काय काढलं आणि कोणत्या मोजमापावर विसंबून काढलं, याचा हिशेब प्रतिमेबरोबरच प्रवास करतो.

हा हिशेब किती महत्त्वाचा, ते २०२२ मध्येच कळलं. पहिल्या प्रतिमा आल्या तेव्हा तेजाचं अंशांकन उड्डाणापूर्वीच्या मोजमापांवर आधारलेलं होतं. प्रत्यक्ष अवकाशात मोजलेल्या ताऱ्यांवरून नव्या संदर्भ-फाइली आल्या आणि काही डिटेक्टरांतली तेजं लक्षणीय बदलली. फिल्टरांतल्या तेजावरून दीर्घिकांचं अंतर काढणाऱ्यांना आपली गणितं पुन्हा मांडावी लागली. अंशांकन नेटकं असूनही अंदाज चुकू शकतो. ‘सीईईआरएस-९३३१६’ या दीर्घिकेचा रेडशिफ्ट, म्हणजे विश्वाच्या प्रसरणाने प्रकाश किती ताणला गेला याचं माप, फिल्टरांवरून १६.४ निघाला होता, म्हणजे ती महास्फोटानंतर सुमारे २५ कोटी वर्षांनीची ठरत होती. २०२३ मध्ये वर्णपट मिळाला आणि तो रेडशिफ्ट ४.९ निघाला. तिच्या प्रखर उत्सर्जनरेषांनी काही फिल्टरांतलं तेज असं वाढवलं होतं, की रंग फार दूरच्या दीर्घिकेसारखे भासले.

पुण्यात याच जातीच्या कामातून आनंदाची बातमीही आली. राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातल्या राशी जैन आणि योगेश वाडदेकर यांनी ‘अबेल २७४४’ समूहाच्या दिशेने घेतलेल्या वेबच्या खुल्या प्रतिमांत एक सर्पिल दीर्घिका शोधली. तिचं नाव त्यांनी अलकनंदा ठेवलं. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये ही बातमी जाहीर झाली. महास्फोटानंतर जेमतेम दीड अब्ज वर्षांनी इतकी सुघड सर्पिल दीर्घिका असावी, याचंच आश्चर्य मोठं होतं. त्या खुल्या प्रतिमा गॅब्रिएल ब्रॅमर यांच्या ‘ग्रिझली’ या सॉफ्टवेअरने जुळवलेल्या होत्या. तेही खुलं आहे. एकाने जगासमोर ठेवलेला प्रक्रियेचा मार्ग, दुसऱ्यांनी मागितलेला दुर्बिणीचा वेळ आणि पुण्यातली चिकाटीची नजर यांतून तो शोध जमला.

दुर्बीणही काळाबरोबर बदलत असते. तिच्या ‘मिरी’ या उपकरणाची लांब तरंगलांबींवरची संवेदनशीलता घटत असल्याचं २०२३ मध्ये लक्षात आलं. आता निरीक्षणाच्या तारखेप्रमाणे दुरुस्ती करणाऱ्या संदर्भ-फाइली आहेत, आणि जुनी निरीक्षणंही नव्याने प्रक्रियेतून काढली जातात. हे शक्य आहे, कारण कच्ची फाइल जशीच्या तशी जपलेली असते आणि तिच्यावर केलेली प्रत्येक क्रिया वाचता येते, तपासता येते, बदलता येते. ज्याला पायथन येतं आणि धीर आहे, अशा कुठल्याही महाविद्यालयातल्या विद्यार्थ्याला ती उतरवून घेता येते, माझा उंबरठा चुकीचा आहे असं दाखवता येतं, माझा मुखवटा बदलून पाहता येतो. खगोलशास्त्राच्या चित्रावर विश्वास ठेवायचा तो या मोकळेपणामुळे. म्हणून अशा चित्राखाली कोणत्या दुर्बिणीचं नाव आहे याबरोबरच कोणत्या आवृत्तीने आणि कोणत्या संदर्भ-संचाने ते घडलं, हेही आपण वाचायला हवं.