दोन ओळींची चिठ्ठी

जळगाव-धुळ्याच्या आपल्या खेड्यापाड्यांतून कितीतरी मुली रोज एसटीने कॉलेजला जातात. कुणाची फी बचत गटाच्या कर्जातून भरलेली असते. पण वर्गात सरांनी विचारलं, "समजलं का?" की सगळ्या एका सुरात "हो" म्हणतात. समजलं नव्हतं, हे उघड होतं निकालाच्या दिवशी. मग घरात विषय निघतो, "झालं शिक्षण, आता स्थळ बघा." हे टाळायला मदत करणारी एक साधी रीत आज सांगते.

तास संपायला पाच मिनिटं उरली की शिक्षक प्रत्येकाला एक कोरी चिठ्ठी देतात आणि दोन प्रश्न विचारतात. आज सगळ्यात महत्त्वाचं काय शिकलात? आणि कोणती गोष्ट अजून कळली नाही? उत्तर दोन-चार ओळींत लिहायचं. अमेरिकेतल्या बर्कलीच्या विद्यापीठात चार्ल्स श्वार्ट्झ नावाचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक 1980 नंतरच्या काळात ही रीत वापरत. तिला 'एक मिनिटाचा पेपर' म्हणतात.

याचा उपयोग कसा होतो? समजा, वाणिज्य शाखेच्या वर्गात 'घसारा' शिकवला. एका मुलीने चिठ्ठीत लिहिलं, "घसारा खर्चात का धरायचा? पैसे तर खिशातून गेलेच नाहीत." हा प्रश्न हात वर करून विचारायला तिला लाज वाटली असती. दुसऱ्या दिवशी शिक्षक सांगतील, "गटाने 60,000 रुपयांची पिठाची गिरणी घेतली. ती 10 वर्षं चालेल. म्हणजे दरवर्षी 6,000 रुपयांची झीज. ती न धरता सगळा नफा वाटून घेतला, तर गिरणी बंद पडेल तेव्हा नवी कशातून घ्याल?" एकीने विचारलं, पण कळलं साऱ्या वर्गाला.

शिक्षकांना साठ चिठ्ठ्या चाळायला फार वेळ लागत नाही. समजलं, अर्धवट समजलं, नाही समजलं, असे तीन ढीग करायचे. मात्र काही पथ्यं पाळावी लागतात. शुद्धलेखनाच्या चुका काढायच्या नाहीत. घरी कुणी अहिराणी बोलते, कुणी लेवा गणबोली, कुणी पावरी. तिला तिच्या बोलीत लिहू द्यावं. आणि दुसऱ्या दिवशी उत्तर द्यायलाच हवं, नाहीतर मुली मनापासून लिहिणं सोडून देतात.

मूल्यमापनालाही या चिठ्ठ्या कामी येतात. नाव घालून लिहिलेल्या चिठ्ठ्या तारखेप्रमाणे जपून ठेवल्या, तर जूनमधली मुलगी आणि दिवाळीनंतरची मुलगी यांतला फरक दिसतो. आधी "काहीच कळलं नाही" लिहिणारी पुढे नेमकं काय अडलं ते लिहू लागते. ही प्रगतीच आहे. गुण द्यायचेच तर नियमित आणि विचार करून लिहिण्याला द्यावेत. "कळलं नाही" असं खरं लिहिल्याबद्दल गुण कापले, तर उद्या सगळ्याच जणी खोटं लिहितील.

मैत्रिणींनो, कॉलेजच्या पालक सभेला जाल तेव्हा ही रीत शिक्षकांना जरूर सुचवा. गटाच्या प्रशिक्षणानंतरही करून बघा. जिला लिहिता येत नाही, तिने सांगावं आणि दुसरीने लिहावं. बहिणाबाई चौधरींना कुठे लिहिता येत होतं? त्यांच्या तोंडची गाणी मुलगा सोपानदेव आणि घरच्यांनी लिहून ठेवली, म्हणून 1952 मध्ये त्यांचं पुस्तक निघालं. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे.

आणि लेक संध्याकाळी घरी आली की "पेपर कधी आहे?" हे नंतर विचारा. आधी विचारा, "आज काय नाही समजलं गं?" आणि तिचं उत्तर शांतपणे ऐकून घ्या.