विंच सुरू होते, पण थांबते का?

जून उलटला की दोन तऱ्हेच्या बातम्या हमखास येतात. किनाऱ्यावर किंवा नदीपात्रात हौसेनं घातलेली गाडी रुतते, भरती चढत जाते, शेवटी गावातला ट्रॅक्टर येऊन तिला ओढतो आणि ती चित्रफीत दोन दिवस सगळीकडे फिरते. दुसरी बातमी रेनफॉरेस्ट चॅलेंजची. मलेशियात १९९७ साली सुरू झालेली ही स्पर्धा २०१४ मध्ये गोव्यात आली. भर पावसात, चिखलानं गच्च भरलेल्या घळीतून गाड्या विंचच्या, म्हणजे मोटरनं दोर गुंडाळणाऱ्या यंत्राच्या, जोरावर स्वतःला वर ओढून घेतात. पहिल्या बातमीनं धास्ती बसते, दुसरीनं हुरूप येतो आणि दोन्हींनंतर ॲक्सेसरीजच्या दुकानात फोन जातो. जून २०२३ मध्ये पाच दारांची जिम्नी आली, ऑगस्ट २०२४ मध्ये थार रॉक्स आली. चारही चाकं फिरवणारी गाडी आता सुटीच्या दिवशी कुटुंबासकट जंगलवाटेवर दिसते आणि तिच्या पुढच्या बंपरमध्ये विंच असते.

विंच बसवताना फिटर एक प्रश्न विचारतोच: स्विच आत देऊ का? मालक लगेच हो म्हणतो. डॅशबोर्डवर दोन बटणं, ‘आत’ आणि ‘बाहेर’. मग फिटर बोनेटखालच्या कंट्रोल बॉक्समधून तीन बारीक वायरी काढतो, फायरवॉलच्या भोकातून आत आणतो, स्विचला जोडतो आणि तासाभरात काम संपतं. हा लेख त्या तासाभराच्या कामाबद्दल आहे, कारण ते ज्या पद्धतीनं होतं आहे त्याची मला मनापासून काळजी वाटते.

आत स्विच घ्यायला माझा विरोध नाही. उलट उतारावर लटकलेल्या गाडीत ब्रेक, स्टेअरिंग, ॲक्सिलरेटर आणि विंच एकाच माणसाच्या हातात असणं केव्हाही चांगलं. बाहेर उभं राहून वायरचा रिमोट चालवणारा माणूस घसरू शकतो, ताणलेल्या दोराच्या जवळ येऊ शकतो, सरकलेल्या गाडीखाली सापडू शकतो. ड्रायव्हर निदान काचेमागे असतो. पण विंच बनवणाऱ्या कंपन्यांच्या माहितीपुस्तिकेत पहिल्या पानांवरच एक सूचना असते: काम नसेल तेव्हा रिमोट काढून ठेवा. रिमोट काढला की विंच निर्धोक, असं सगळं गणित त्या सूचनेवर उभं आहे. डॅशबोर्डवर स्विच बसवला की आपण तो रिमोट कायमचा खोचून ठेवतो. गुडघा लागला, मागच्या सीटवरून पोरानं हात घातला, पाण्याची बाटली कलंडून त्यावर पडली, तरी विंच फिरेल. आणि त्याच वेळी समोर कुणीतरी हूक हातात धरून उभा असेल. रिकामी विंच मिनिटाला साधारण आठ-दहा मीटर दोर गुंडाळते, म्हणजे सेकंदाला पंधरा सेंटिमीटरच्या आसपास. फेअरलीडपासून, म्हणजे दोर ज्यातून आत शिरतो त्या तोंडापासून, वीतभर अंतरावर असलेल्या बोटांना दीड सेकंद मिळतो.

हा झाला नको तेव्हा सुरू होण्याचा धोका. तो सगळ्यांच्या लक्षात येतो, म्हणून झाकणाचे स्विच विकले जातात. त्याहून वाईट धोका फार थोड्यांना माहीत आहे. बटण सोडलं तरी विंच थांबत नाही.

माझ्या ओळखीचे एक वयस्कर ऑटो इलेक्ट्रिशियन आहेत. आयुष्य ट्रॅक्टर आणि ट्रकच्या वायरिंगमध्ये गेलं, आता तरुण पोरं त्यांच्याकडे विंच घेऊन येतात. त्यांच्या बाकावर एका डब्यात जळलेले सोलेनॉइड, म्हणजे विंचचा मोठा करंट जोडणारे विजेचे स्विच, साठवलेले आहेत आणि ‘स्विच आत द्या’ म्हणणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकासमोर ते त्यातला एक ठेवतात. मीही तो हातात घेऊन पाहिला. वरची टोपी कापलेली. आत दोन जाड तांब्याचे खिळे आणि त्यांच्यावर येऊन बसणारी तांब्याची गोल चकती. चकतीच्या कडेला खड्डे पडलेले, काळा थर बसलेला आणि एका बाजूला तांबं वितळून खिळ्याला असं चिकटलेलं, की पेचकस घालून जोर लावला तरी सुटत नव्हतं. काकांचं म्हणणं असं की विंच जळाली म्हणून लोक येतात, पण जळण्याआधी ती काही मिनिटं थांबतच नव्हती हे कुणी सांगत नाही. त्यांनी खोदून विचारल्यावर कळतं.

हे असं का होतं, ते समजून घेण्यासारखं आहे. ९,५०० पौंडांची, म्हणजे सुमारे ४,३०० किलो ओढीची विंच पूर्ण भारावर बारा व्होल्टला ४०० अँपिअर किंवा त्याहून जास्त करंट घेते. एवढा करंट डॅशबोर्डच्या स्विचमधून जाणं शक्यच नाही. स्विच फक्त सोलेनॉइडच्या कॉइलला दोन-चार अँपिअर देतो, कॉइल चकती ओढते, चकती मोठा करंट जोडते. आता बॅटरी दमलेली असेल, केबल बारीक असेल, तर भार येताच व्होल्टेज कोसळतं. कॉइलची पकड ढिली पडते. चकती घट्ट बसण्याऐवजी थरथरायला लागते, दर थरथरीला ठिणगी पडते आणि तांबं तांब्याला वेल्ड होतं. मग स्विच सोडा, इग्निशन बंद करा, किल्ली काढून खिशात घाला. दोर गुंडाळलाच जातो, कारण बॅटरी आणि मोटर यांच्यामध्ये आता वेल्डिंगचा टाका आहे.

म्हणजे आतल्या स्विचची सुरक्षितता बाहेरच्या जाड केबलपासून सुरू होते. ३५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या केबलचा रोध मीटरमागे साधारण अर्धा मिलिओहम. बॅटरीपासून पुढच्या विंचपर्यंत जाऊन-येऊन चार मीटर धरली, तर ४०० अँपिअरला ०.८ व्होल्ट केबलमध्येच खर्च होतात. मागची विंच असेल आणि तीच केबल आठ-दहा मीटर न्यावी लागली, तर दीड-दोन व्होल्ट. बारातले दोन गेले की कॉइलचं काय होणार ते वर सांगितलंच. मागच्या विंचला ७० चौरस मिलिमीटरची केबल लागते आणि तिथं पैसे वाचवू नयेत. केबलच्या टोकाला बसवायच्या थिंबलचंही तेच. हातोडीनं ठोकून बसवलेल्या थिंबलमध्ये एक मिलिओहम रोध राहिला, तर त्या एका बोल्टवर १६० वॅट उष्णता तयार होते, जुन्या पिवळ्या बल्बचे शंभर आणि साठ असे दोन दिवे मुठीत धरल्याइतकी. हायड्रॉलिक प्रेसनं क्रिम्प केलेलं थिंबलच हवं. मायनस केबल बंपरला न कसता थेट बॅटरीकडे न्यावी. नव्या गाड्यांत बॅटरीच्या मायनस टर्मिनलवर सेन्सर असतो, तिथे ती सेन्सरच्या पलीकडे, बॉडीच्या बाजूला जोडावी, म्हणजे गाडीच्या संगणकाचा हिशेब चुकत नाही.

तरीही सोलेनॉइड चिकटू शकतो. उत्तम प्रतीचा सीलबंद काँटॅक्टरही कधीतरी चिकटतो. म्हणून बॅटरी आणि विंच यांच्यामध्ये हातानं तोडता येणारा आयसोलेटर हवाच. याबाबतीत मी कोणतीही सवलत द्यायला तयार नाही. आयसोलेटर नसेल, तर आत स्विच घेऊ नये.

तो आयसोलेटर कसला, यावरही बोलायला हवं. पुण्यात नाना पेठेत किंवा मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर ‘कट-ऑफ’ मागितला की लाल प्लॅस्टिकच्या किल्लीचा छोटा स्विच पुढे येतो. त्यातले बरेचसे सलग शंभरेक अँपिअरसाठी असतात आणि मोठा आकडा छापलेला असतो तो पाचेक सेकंदांचा. पार्किंगमध्ये बॅटरी तोडायला तो ठीक आहे. विंच अडकून ४०० अँपिअर ओढत असताना त्याची किल्ली फिरवली, तर त्याच्या आतही तीच ठिणगी पडते. घरातल्या एसी विजेत करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावरून जातो, त्यामुळे ठिणगी विझायला संधी मिळते. डीसीमध्ये तशी संधी नसते आणि मोटरच्या गुंडाळीत साठलेली ऊर्जा ठिणगीला आणखी ढकलते. भार असताना डीसी तोडण्यासाठीच बनवलेला, विंचच्या कमाल करंटचा आयसोलेटर घ्यावा. तो महाग असतो.

बसवायचा कुठे? काही फिटर जाड केबलच केबिनमध्ये आणून सीटशेजारी आयसोलेटर लावतात. हे मला पटत नाही. फ्यूज नसलेली, शेकडो अँपिअर सोडू शकणारी केबल पत्र्याच्या भोकातून माणसांजवळ आणायची आणि हादऱ्यांनी तिचं कव्हर घासलं जाण्याची वाट पाहायची, यातून नवा धोका तयार होतो. आयसोलेटर बोनेटखाली बॅटरीजवळ ठेवावा आणि त्याची ओढायची केबल आत आणावी, शर्यतीच्या गाड्यांत असते तशी. बेल्ट लावलेला असताना हात पोचला पाहिजे. तो फक्त विंचची शाखा तोडेल असा जोडावा. चालू इंजिनवर मुख्य बॅटरीच तोडली, तर अल्टरनेटरच्या व्होल्टेजचा झटका गाडीच्या इलेक्ट्रॉनिक्सला बसतो.

बारीक वायरींचं काम त्यामानानं सोपं आहे. पुरवठा इग्निशन चालू असतानाच मिळावा. कंपनीचा हार्नेस कापू नये, वेगळी लाईन आणि रिले वापरावा. पाच किंवा दहा अँपिअरचा फ्यूज उगमाजवळच हवा, डॅशबोर्डमागे नको. फायरवॉलमध्ये रबरी ग्रोमेट हवं. मग दोन स्विच: झाकणाचा एक, जो फक्त ‘विंच सज्ज’ करतो आणि ठळक लाल दिवा लावतो. दुसरा आत-बाहेरचा, बोट काढताच स्प्रिंगनं मध्यावर येणारा. जागच्या जागी अडकून राहणारा स्विच इथे कधीही वापरू नये. फॉग लॅम्पच्या उरलेल्या स्विचवर विंच चालवलेली मी पाहिली आहे. तो दाबला की दाबलेलाच राहतो.

एक गोष्ट मात्र अनुभवी फिटरही विसरतात. आतला स्विच आणि बाहेरचा रिमोट समांतर जोडले, तर आतला माणूस ‘आत’ आणि बाहेरचा ‘बाहेर’ एकाच वेळी दाबू शकतो. दोन्ही दिशांचे सोलेनॉइड एकदम बसले की कंट्रोल बॉक्स जळण्याची वेळ येते. त्यावर उपाय म्हणजे तीन जागांचा निवड-स्विच: केबिन, बंद, रिमोट. एका वेळी एकाच हाताला सत्ता. गाडी रस्त्यावर असताना तो ‘बंद’वर आणि आयसोलेटर तोडलेला.

हा निवड-स्विच मला आणखी एका कारणासाठी आवडतो. ड्रायव्हरला ड्रम दिसत नाही. दोर एका बाजूला ढीग करून चढतो आहे का, हूक फेअरलीडला टेकला का, ड्रमवर पुरेसे वेढे उरलेत का (स्टीलच्या दोराचे निदान पाच, सिंथेटिकचे दहा), यातलं काहीही आतून कळत नाही. म्हणून गाडी ओढायची तेव्हा केबिन आणि दोर गुंडाळायचा तेव्हा रिमोट, अशी विभागणी असावी. शेवटचा दीड-दोन मीटर दोर तर बाहेर उभं राहून, हूकला पट्टा लावून, थोडा-थोडा दाबतच घ्यावा. केबिनमधून ओढताना समोर इशारे देणारा एकच माणूस असावा, तोही दोराच्या रेषेबाहेर. बाकीच्यांनी दोराच्या दीडपट लांबीइतकं दूर जावं. दोर तुटला तर त्याची उसळी दाबणारा जड डॅम्पर दोरावर टाकावा. सिंथेटिक दोर तुटला तर काही होत नाही, हा समज पसरला आहे आणि तो चुकीचा आहे. स्टीलपेक्षा तो कमी ऊर्जा साठवतो हे खरं, पण शॅकल किंवा हूक सुटला तर लोखंडाचा तुकडा उडतोच.

कायद्याची बाजू थोडक्यात. रस्ते वाहतूक मंत्रालयानं डिसेंबर २०१७ मध्ये बुलबार आणि क्रॅश गार्डवर कारवाई करण्यास राज्यांना सांगितलं, ते मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ च्या आधारे. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही मूळ रचनेविरुद्ध जाणाऱ्या बदलांना मनाई असल्याचं स्पष्ट केलं. विंचसाठी बसवलेला लोखंडी बंपर या चौकटीतून आपोआप सुटत नाही. शिवाय पुढच्या एअरबॅगचं गणित कंपनीच्या मूळ बंपरवर बेतलेलं असतं. हौशी गटांनी आणि दुकानदारांनी हे गिऱ्हाइकाला विक्रीआधी सांगायला हवं. आज बहुतेक ठिकाणी ते सांगितलं जात नाही.

मला आणखी एक मागणी करायची आहे. विंचच्या खोक्यात दोर, हूक, रिमोट, नट-बोल्ट सगळं मिळतं. बऱ्याच स्वस्त खोक्यांत आयसोलेटर मिळत नाही. आतल्या स्विचचा संच विकणाऱ्यानं तो आयसोलेटरशिवाय विकूच नये. आयसोलेटरनं किंमत वाढेल, वाढू द्या. लाखो रुपयांच्या गाडीवर आणि त्याहून मोलाच्या हातांवर तो खर्च काहीच नाही.

आणि ज्यांच्या गाडीत असा स्विच आधीच बसला आहे, त्यांनी पावसातल्या पहिल्या फेरीआधी मोकळ्या मैदानावर जावं. भक्कम झाडाला रुंद पट्टा बांधावा, दोर जोडावा, माणसं लांब उभी करावीत. इंजिन चालू, ब्रेक हलका. झाकण उघडून विंच सज्ज करावी, ‘आत’ दाबून गाडी हातभर पुढे येऊ द्यावी आणि बटण दाबलेलंच ठेवून आयसोलेटरची केबल ओढावी. विंच त्याच क्षणी थांबली पाहिजे. मग बोनेट उघडून प्रत्येक थिंबलजवळ हाताची मागची बाजू न्यावी. एखादं गरम लागलं, तर ते त्याच दिवशी बदलून घ्यावं.