कुत्र्याचा गुडघा नेमका कुठे असतो?

श्वानप्रदर्शनातला परीक्षक कुत्र्याकडे नुसता पाहत नाही, कवटीपासून शेपटीपर्यंत हात फिरवून तो चाचपतो. कोणत्या जातीचं कोणतं हाड कसं असावं हे त्या जातीच्या 'ब्रीड स्टँडर्ड'मध्ये लिहिलेलं असतं. त्यातले विदर्स, स्टॉप, हॉक, ब्रिस्केट हे शब्द नवख्याला गांगरवून टाकतात. बरेचसे घोडेवाल्यांच्या बोलीतून आलेले आहेत.

सगळ्यात मोठा घोटाळा होतो मागच्या पायाशी. कुत्र्याचा गुडघा उलटा वाकतो असं आपण सर्रास म्हणतो, पण मागे टोक काढलेला तो सांधा गुडघा नव्हेच. तो हॉक, म्हणजे घोटा, आणि ते टोक म्हणजे टाच. कुत्रा बोटांवर चालतो, म्हणून त्याची टाच कायम अधांतरी. खरा गुडघा, म्हणजे स्टायफल, बराच वर, पोटाच्या कडेला असतो आणि आपल्यासारखाच पुढे वाकतो. त्याला वाटीही असते. पॉमेरेनियनसारख्या लहान जातींत ही वाटी जागची सरकते आणि कुत्रा मधूनच तीन पायांवर उड्या मारू लागतो.

विदर्स हा मानेच्या बुडाशी, खांद्याच्या दोन पात्यांमधला उंचवटा. उंची मोजायची ती इथपर्यंत, कारण डोकं वरखाली होत राहतं. कुत्र्याची हासळी नावापुरतीच असते, त्यामुळे पुढचा पाय धडाला निव्वळ स्नायूंनी बांधलेला असतो. धावताना पातं मोकळेपणी सरकतं आणि पावलागणिक पल्ला वाढतो.

हे पाहायचं तर लातूर-सोलापूरकडचा कारवान पाहावा. ब्रिस्केट म्हणजे छातीचा तळ, तो कोपरापर्यंत खोल उतरलेला. तिथून पोटाची रेघ एकदम वर चढते, तिला टक-अप म्हणतात. खोल छातीत मोठं हृदय आणि फुप्फुसं मावतात, तर आवळलेल्या पोटाखाली मागचे पाय पार पुढपर्यंत येऊ शकतात. बैलाच्या गळ्याखाली जी पोळी लोंबते तिला कुत्र्यात ड्यूलॅप म्हणतात. ब्लडहाउंडला ती हवीच, कारवानच्या गळ्याला मात्र शोभत नाही. स्टॉप म्हणजे कपाळ आणि नाकाडाच्या मधली खळगी. बुल टेरियरला ती नसतेच.

ड्यूक्लॉ म्हणजे पायाच्या आतल्या बाजूचं, जमिनीला न टेकणारं जादा बोट. बऱ्याच जातींत ते कापून टाकतात. फ्रान्सच्या बोसरॉनला मात्र मागच्या प्रत्येक पायावर अशी दोन बोटं लागतात, नसतील तर तो बाद. नॉर्वेच्या लुंडेहुंडची कथा याहून अजब. समुद्रकाठच्या कड्यांवर पफिन पक्ष्यांच्या बिळांत घुसणाऱ्या या कुत्र्याला प्रत्येक पायाला निदान सहा बोटं असतात. निसरड्या खडकावर ती पकड देतात. त्याची मान मागे वळून डोकं पाठीला टेकू शकतं, पुढचे पाय थेट बाजूंना पसरतात आणि कान मिटून बंद होतात. इथे मानकातला शब्द न् शब्द कामातून आलेला आहे.

ऱ्होडेशियन रिजबॅकचं तसं नाही. त्याच्या पाठीवर उलट दिशेने वाढलेल्या केसांचा पट्टा असतो, तो रिज. पट्ट्याच्या खांद्याकडच्या टोकाला समोरासमोर दोन भोवरे असतात, त्यांना क्राउन म्हणतात. १९२२ मध्ये बुलावायो इथे या जातीचं मानक ठरलं. पुढे रिज नसलेली पिल्लं कित्येक पैदासकार मारून टाकत. २००७ मध्ये संशोधकांनी दाखवून दिलं की ज्या जनुकीय बदलामुळे रिज येतो, त्यामुळेच डर्मॉइड सायनस हा कातडीतून आत जाणाऱ्या नळीचा जन्मजात दोषही संभवतो. म्हणजे बिनरिजचं म्हणून मारलेलं पिल्लूच या दोषापासून जवळजवळ सुरक्षित होतं.