लेखांक ५ : जुना गांजा आणि सिक्युरिटी क्लिअरन्स

अमेरिकेत सरकारी गुपिते हाताळायची तर सिक्युरिटी क्लिअरन्स लागतो आणि त्यासाठी ‘एसएफ-86’ हा लांबलचक अर्ज भरावा लागतो. त्याच्या 23व्या विभागात आडपडदा न ठेवता विचारणा असते. गेल्या सात वर्षांत बेकायदा अमली पदार्थ घेतले का? कोणते, कधी, किती वेळा? पुढे घेण्याचा विचार आहे का? क्लिअरन्स हाती असताना केलेल्या सेवनाला सात वर्षांची सवलत नाही; ते केव्हाचेही असो, सांगावेच लागते.

कॉलेजात दोन-चार वेळा गांजा ओढलेला उमेदवार इथे अडखळतो. खरे लिहिले तर खटला होईल, या धास्तीने ‘नाही’वर खूण करून मोकळा होतो. वास्तविक या विभागातली खरी उत्तरे फौजदारी खटल्यात उमेदवाराविरुद्ध पुरावा म्हणून वापरली जाणार नाहीत, असे अर्जातच छापलेले असते. उलट जाणूनबुजून खोटे लिहिणे हा गुन्हा असून त्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. शिवाय तपास अधिकारी जुने शेजारी, सहकारी, मित्र यांना गाठून चौकशी करतात, तेव्हा लपवलेली गोष्ट लपून राहीलच याची खात्री नसते.

निर्णयासाठी जून 2017पासून लागू असलेल्या निर्देशात 13 कसोट्या आहेत. अमली पदार्थांची कसोटी ‘एच’, तर खोटेपणा व वर्तनाची ‘ई’. गांजा ओढून ते कबूल करणारा फक्त पहिलीत अडकतो. लपवणारा दोन्हींत, आणि दुसरीतून सुटणे बहुधा अधिक जड जाते. ‘एच’मध्ये सुटकेच्या वाटा स्पष्ट लिहिलेल्या आहेत. सेवन जुने, क्वचित आणि पुन्हा घडण्याजोगे नसावे. नशा करणाऱ्या मित्रांची संगत सोडलेली असावी. पुन्हा सेवन केल्यास क्लिअरन्स रद्द व्हावा, असे सहीनिशी लिहून देण्याचीही सोय आहे. किती वर्षे लोटली म्हणजे पुरे, याचा ठरावीक आकडा मात्र निर्देशात नाही. माणूस एकूण कसा आहे, हे पाहून ठरते.

सर्वाधिक घोळ गांजाच्या कायदेशीरपणावरून होतो. 2012मध्ये कोलोरॅडो आणि वॉशिंग्टन या राज्यांत मतदारांनी मौजेखातर गांजा ओढण्याला मुभा दिली, पुढे इतर राज्येही त्या वाटेने गेली. पण क्लिअरन्सच्या लेखी मोजला जातो तो केंद्राचा कायदा. दुकानातून पावतीसह घेतलेला गांजाही अर्जात लिहावा लागतो. राष्ट्रीय गुप्तवार्ता संचालक एव्हरिल हेन्स यांनी डिसेंबर 2021मध्ये सर्व खात्यांना कळवले, की पूर्वीचे गांजासेवन विचारात घ्यावे, पण केवळ तेवढ्यावर निर्णय करू नये. ही ढील भूतकाळापुरतीच. सध्या बेकायदा अमली पदार्थ घेणाऱ्याला किंवा व्यसनाधीन माणसाला क्लिअरन्स देण्यास कायद्यानेच मनाई आहे.

शंका उरलीच तर तिचा फायदा उमेदवाराला नव्हे, राष्ट्रीय सुरक्षेला मिळतो. फौजदारी न्यायाच्या सवयीला हे उफराटे वाटते; परंतु क्लिअरन्स हा कुणाचाही हक्क नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1988च्या इगन खटल्यात स्पष्ट केले आहे. तरी नकार परस्पर येत नाही. आधी कारणे लेखी कळवली जातात आणि उमेदवाराला उत्तर देता येते. संरक्षण खात्याच्या कंत्राटी कंपन्यांतल्या कर्मचाऱ्याला प्रशासकीय न्यायाधीशापुढे सुनावणीही मागता येते.