पाळणा सोपा, रांग अवघड

उन्हाळी सुट्टी लागली की खानदेशातल्या गाड्या शिर्डीच्या वाटेला लागतात. धुळ्याहून दीडशे किलोमीटरच्या आतबाहेर, जळगावहून दोनशेच्या घरात. सकाळी साईंचं दर्शन, दुपारी वॉटरपार्क, रात्री उशिरा घर. मे महिन्यात जळगावचा पारा ४५ अंशांकडे सरकत असताना पाण्यात डुंबायला कोणाला नको? स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांनाही ते हवंच असतं. अंगावर सगळीकडून सारखा पडणारा पाण्याचा दाब त्यांतल्या कित्येकांना निवांत करतो. तरीही त्यांचे आईवडील ही सहल वर्षानुवर्षं पुढे ढकलत राहतात. अडचण घसरगुंडीच्या उंचीची नसते. ती रांगेची असते, भोंग्यांची असते आणि ‘आता पुढे काय?’ याचा पत्ता नसण्याची असते.

जगात साधारण १२७ जणांमागे एक जण स्वमग्न असावा, असा जागतिक आरोग्य संघटनेचा २०२१ सालासाठीचा अंदाज आहे. आवाज, उजेड, स्पर्श या मुलांना इतरांपेक्षा फार जास्त किंवा फार कमी जाणवू शकतात. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेने २०१३च्या आवृत्तीत या गोष्टीला निदानाच्या लक्षणांत स्थान दिलं. आयांना ती त्याच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होती.

वॉटरपार्कच्या दारातच याची परीक्षा सुरू होते. तिकीट काढलं की मनगटावर कागदी पट्टा चिकटवतात. इतर मुलं तो मिरवतात. स्पर्श न सोसणारं मूल तो ओरबाडून काढेपर्यंत पाऊल पुढे टाकत नाही. मग येतो नायलॉनचा पोशाख. सुती कपड्यांत पाण्यात उतरू देत नाहीत आणि भाड्याच्या पोशाखाला आदल्या गिऱ्हाइकाचा, साबणाचा, क्लोरिनचा वास असतो, वर काखेतली शिवण टोचते. म्हणून जाणते पालक पोशाख महिनाभर आधी विकत आणतात, तीन-चारदा धुतात आणि मुलाला घरी अंघोळीच्या वेळी घालून सवय लावतात. खाण्याचंही तसंच. ज्याच्या जेवणात केळी, पोळी आणि एका विशिष्ट पुड्यातली बिस्किटं एवढंच चालतं, त्याला ‘बाहेरचे पदार्थ आणू नयेत’ ही पाटी उपाशी ठेवते. आधी फोन करून अडचण सांगितलेली बरी; दारावरच्या सुरक्षारक्षकाशी ऐन वेळी वाद घालण्यात अर्धा दिवस जातो.

सगळ्यात उपयोगी पडतो तो चित्रांचा पट्टा. फाटक, मोठी घसरगुंडी, जेवण, गाडी, घर, असे फोटो क्रमाने चिकटवायचे आणि एकेक झालं की काढून टाकायचा. अमेरिकी शिक्षिका कॅरल ग्रे यांनी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला येणाऱ्या प्रसंगाची गोष्ट मुलाला आधीच सांगण्याची रीत रुजवली, त्याच जातकुळीतला हा प्रकार. खर्च छपाईपुरता.

पण घरची तयारी कितीही झाली, तरी रांग पालकांच्या हातात नसते. अमेरिकेत पेन्सिल्व्हेनियातलं ‘सेसमी प्लेस’ २०१८मध्ये स्वमग्न मुलांसाठी प्रमाणित झालेलं पहिलं थीमपार्क ठरलं. तिथे प्रत्येक खेळाला आवाज, स्पर्श, दृश्य वगैरेंसाठी एक ते दहा असे गुण दिलेले असतात. ते वाचून पालक घरीच ठरवतात, कुठे जायचं नि काय टाळायचं. डिस्नेची गोष्ट एवढी सरळ नाही. तिथे दिव्यांगांना रांग टाळू देणाऱ्या जुन्या सवलतीचा धडधाकट लोकांनी गैरफायदा घेतल्याची ओरड झाली आणि २०१३मध्ये पद्धत बदलली. आता रांगेत उभं राहायचं नाही, पण नेमून दिलेल्या वेळी परत यायचं. काही कुटुंबं कोर्टात गेली. फ्लोरिडातल्या एका स्वमग्न तरुणाची बाजू अशी होती, की तो पार्कमध्ये ठरलेल्या क्रमानेच फिरू शकतो. ‘नंतर या’ हे त्याच्यासाठी नकारासारखंच. २०२०मध्ये निकाल डिस्नेच्या बाजूने लागला. कायद्याने बरोबर असेल, पण त्या तरुणाचं म्हणणं चुकीचं होतं असं काही त्यातून ठरत नाही.

आपल्याकडे २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत स्वमग्नता आहे. त्याचं कलम २९ करमणुकीत सर्वांच्या बरोबरीने भाग घेण्याच्या हक्काबद्दल बोलतं आणि त्याची जबाबदारी सरकारसोबत स्थानिक संस्थांवरही टाकतं. प्रत्यक्षात वेगळ्या रांगेपाशी व्हीलचेअर शोधली जाते. धावणारं, उड्या मारणारं, अंगापिंडाने मजबूत मूल दिव्यांग कसं, हा प्रश्न तिकिटाच्या खिडकीत विचारला जातोच. दिव्यांगत्वाचं यूडीआयडी कार्ड खिशात असेल तर बोलणं थोडक्यात आटोपतं. मागे उभ्या असलेल्यांचं मात्र आटोपत नाही. कानांवर हात दाबून जमिनीवर बसलेल्या मुलाकडे बघून कोणीतरी म्हणतंच, “पोऱ्या लाडावेल शे.”

एक गोष्ट मात्र जपावीच लागते. ‘पीडियाट्रिक्स’ या नियतकालिकात २०१२ साली आलेल्या अमेरिकी पाहणीत चार वर्षांवरील स्वमग्न मुलांपैकी जवळपास निम्मी मुलं एकदा तरी घरातून किंवा सुरक्षित जागेतून निघून गेली होती किंवा तसा प्रयत्न केला होता. काळजी वाटावी इतका वेळ जी सापडली नाहीत, त्यांच्यातल्या सुमारे एक चतुर्थांश मुलांना बुडण्याचा धोका होता. वॉटरपार्कमध्ये मुलामागे एक माणूस हवाच, आणि त्याच्या हातात मोबाइल नको.

खरं तर खानदेशाचं जुनं थीमपार्क म्हणजे जत्रा. धुळ्यात पांझरेकाठी एकवीरा देवीची चैत्रात, अमळनेरला बोरी नदीच्या पात्रात सखाराम महाराजांची वैशाखात. आकाशपाळणा, मौत का कुआँ, पिपाण्या आणि एकमेकांवर कुरघोडी करणारे भोंगे. इंग्लंडात नॉटिंगहॅमला शतकानुशतकं भरणाऱ्या ‘गूज फेअर’मध्ये काही वेळ संगीत बंद ठेवून पाळणे चालवले जातात, ते याच मुलांसाठी. आपल्याकडे ते जमायला मोठा निधी लागत नाही. पाळण्यांना जागा देतानाच परवानगीच्या कागदात एक अट घालता येईल: ठरलेल्या दिवशी सकाळी आठ ते दहा भोंगा बंद, दिवे बंद, रांग नाही. दुपारची वेळ ठेवण्यात अर्थ नाही. चैत्रातल्या उन्हात पाळण्याची लोखंडी बैठक टेकू देत नाही. आणि सकाळी पाळणेवाल्यांचं नुकसानही फारसं व्हायचं नाही, त्यांचा धंदा सुरू होतो तोच दिवेलागणीनंतर.