अमेरिकन मोटारींचा गंज

जुनी मोटार गंजली की लोक म्हणतात, मालकाने निगा राखली नाही. मालक म्हणतो, पत्राच पातळ होता. कंपनी म्हणते, कामगारांनी हलगर्जीपणा केला. तिघांपैकी खरे कोण, हे ठरविण्यापूर्वी गंज धरतो कसा ते पाहिले पाहिजे.

लोखंडाला पाणी आणि हवा एकाच वेळी लागली की गंज धरतो. त्यात मीठ मिळाले की तो धावतच सुटतो. अमेरिकेच्या उत्तरेकडे हिवाळ्यात रस्त्यावरचे बर्फ वितळावे म्हणून मीठ पसरतात. मुंबईत हेच काम समुद्राची हवा फुकट करते. त्या मुंबईत शिवडीला १९२८ पासून जनरल मोटर्स शेव्हरोले गाड्या जुळवीत असे. १९४७ पासून वालचंदांच्या कुर्ल्याच्या कारखान्यात डॉज व प्लिमथ जुळू लागल्या. नुसती जुळवाजुळव नको, उत्पादन इथेच करा, असे धोरण सरकारने १९५३ साली धरले, तेव्हा जनरल मोटर्सने गाशा गुंडाळला. गाड्या मात्र इथेच राहिल्या आणि पुढे अनेक वर्षे एका हातातून दुसऱ्या हातात फिरत गेल्या.

अशीच एक, मुंबईत म्हातारी झालेली, १९९२ साली आम्ही सहा जणांनी वर्गणी काढून घेतली. सातपूर-अंबडच्या कारखान्यांच्या फाटकांवरच्या सभांना जायला वाहन हवे होते. कुठल्या कंपनीची, ते सांगत नाही. ती पेट्रोल पीत नसे, ढोसत असे. कसारा घाटात तिचे पाणी उकळे, म्हणून घागर बरोबर ठेवावी लागे. मागे बसणाऱ्याला पायाखाली डांबरी रस्ता पळताना दिसे. तेथे आम्ही फळी टाकली. इगतपुरीच्या पावसात त्या फळीचा काही उपयोग नसे. दारांच्या खालच्या कडेला रंग फुगे. बोटाने दाबला की पापुद्र्यासह पत्राच हाती येई. कारण उघड होते. दारातले पाणी वाहून जाण्याची भोके चिखलाने बुजत, आणि आतल्या बाजूला रंगाचा हात जेमतेमच फिरलेला असे. गंज आतून बाहेर येतो. तो डोळ्यांना दिसेपर्यंत पत्रा संपलेला असतो. खालचा सांगाडा मात्र जाड, म्हणून अंग गळाले तरी गाडी चाले. चार वर्षांनी ती वजनावर भंगारात गेली.

आता कारखान्यातली बाजू. तिच्यासाठी शेव्हरोले व्हेगा या गाडीकडे पाहावे. १९७० साली निघालेली ही गाडी गंजासाठी पुढे बदनाम झाली. गंजरोधक लेप बसावा म्हणून तिचे सबंध अंग टाकीत बुडवीत. पण पुढच्या चाकांवरच्या पत्र्याच्या वरच्या पोकळीत हवा अडकून राही, आणि तेथे लेप पोचतच नसे. आतून आवरण लावले असते तर भागले असते. तेही खर्च वाचविण्यासाठी गाळले होते. ही चूक नकाशावर आणि हिशेबाच्या वहीत झाली. पान्हा धरणारा कामगार ती दुरुस्त करणार कशी?

ही गाडी ओहायो राज्यात लॉर्डस्टाउन येथे बने. तेथील साखळी ताशी शंभर गाड्यांच्या वेगाने चालविण्याचा बेत होता. म्हणजे एका गाडीला छत्तीस सेकंद! इतरत्र त्या काळी साधारण मिनिटभर मिळे. १९७१ च्या अखेरीस व्यवस्थापन बदलले, शेकडो माणसे कमी झाली आणि उरलेल्यांच्या वाट्याला त्यांचेही काम आले. सदोष गाड्यांची रांग वाढली, तेव्हा कामगार मुद्दाम नासधूस करतात, असा आरोप झाला. एखाद्याने रागाने केलीही असेल. आम्ही त्याची वकिली करीत नाही. पण दोन माणसांचे काम एकावर टाकले की अर्धे स्क्रू ढिले राहणारच. १९७२ च्या मार्चमध्ये तेथील कामगारांनी, बहुतेक पंचविशीच्या आतबाहेरच्या पोरांनी, सुमारे तीन आठवडे संप केला. त्यांचे गाऱ्हाणे पगाराचे नव्हते, वेगाचे होते. संपानंतर कमी केलेल्यांपैकी बरेचजण कामावर परतले. गाळलेले आवरण कंपनीने पुढे लावले, आणि जस्ताचा मुलामा दिलेला पत्राही वापरला. तोवर नाव गेले होते. १९७७ साली व्हेगा बंद झाली.